बोरटेकचा एक मिनिटाचा थांबा

गाडी हलली तेव्हा आण्णांच्या डोक्यावर फेट्याचे दोनच वेढे बसले होते.

बोरटेक स्टेशन म्हणजे एक कडुनिंब, एक सिमेंटचा बाक, तिकिटाची बंद खिडकी आणि जमिनीला टेकलेला प्लॅटफॉर्म. डब्यातून उतरायचं तर आधी पाय लोंबकळता सोडून अंदाज घ्यावा लागतो. आण्णा उतरले. त्यांच्यामागून फाईल सांभाळत मी. समोर कार्यकर्त्यांचा घोळका हार, शाल, नारळ आणि गुलाबी फेट्याचं कापड घेऊन उभा.

"आण्णा, चढा आता," डब्याच्या दारातून बापूंनी हाक दिली.

"कुठं पळती गाडी," आण्णा म्हणाले. "बांध रे तू नीट."

शिट्टी झाली. आण्णांनी मागे न बघता हात वर केला, रस्त्यावर मोटार थांबवतात तसा. गाडी काही थांबली नाही. बापू दारात उभे राहून काहीतरी सांगत होते, पण ऐकू येईना. शेवटच्या डब्यातल्या गार्डने हिरवा बावटा दाखवता दाखवता आण्णांना नमस्कारही केला. फेट्याचं एक टोक आण्णांच्या डोक्यावर आणि बाकीचं सगळं कापड बांधणाऱ्याच्या हातात. तो बिचारा म्हणाला, "आता निवांत बांधतो."

आता हे आण्णा-बापू कोण आणि मी तिथे काय करत होते, ते सांगते.

मी सरकारी नोकरीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. खातं रस्त्यांचं. गरम डांबराचा वास आला की हिला माहेरी आल्यासारखं वाटतं, असं आमचे मिस्टर चारचौघांत सांगतात. सांगू देत, खोटं नाही ते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या भागातल्या एकाच मोठ्या कामाला राज्याकडून निधी मिळणार होता. मागण्या मात्र दोन. एक, नगरकडून काष्टीकडे जाणारा रस्ता चौपदरी करा. दुसरी, नगर-दौंड शटल सुरू करा. शटल म्हणजे सकाळी लोकांना कामावर, कॉलेजला नेऊन सोडणारी, संध्याकाळी परत आणणारी आणि लहानसहान स्टेशनांवर थांबणारी गाडी. रूळ होतेच. पण प्लॅटफॉर्म उंच करायचे, शेड घालायची, स्टेशनपर्यंतची वाट पक्की करायची, शिवाय सुरुवातीला गाडी तोट्यात चालणार. ह्या सगळ्यात राज्याने हिस्सा उचलला तरच रेल्वे गाडी सोडणार होती.

आण्णा सत्तेतले, हा निधी कुठल्या कामाला द्यायचा ते ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष, साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर. ते रस्त्याच्या बाजूने. बापू विरोधी पक्षातले, समितीचे सदस्य. ते रेल्वेच्या बाजूने. दोघांचं व्यासपीठावर विळ्या-भोपळ्याचं, आणि बापूंची पुतणी आण्णांच्या घरात सून. आमच्या जिल्ह्यात विरोधक शोधायला गेलात तर हमखास सोयरा सापडतो.

बैठकीत आण्णा म्हणायचे, "पैसा राज्याचा, आन् हिरवा झेंडा दाखवायला दिल्लीचा पाव्हना. आपुन खाली बसून टाळ्या वाजवायच्या व्हय?"

बापू म्हणायचे, "रस्त्यानं ज्याच्याकडं मोटार हाय त्याचं भलं हुतं. ज्याच्याकडं न्हाई त्यानं काय, धूळ खायची?"

दोघांचंही बरोबर होतं. कटकट होती ती तिथेच. दुधाच्या टँकरला रस्ता लागतो, ॲम्ब्युलन्सला लागतो, उसाला तर लागतोच. मग आंदोलनं सुरू झाली. रस्ता मागणाऱ्यांनी रस्ता अडवला, रेल्वे मागणाऱ्यांनी रेल्वे. ज्याला जे हवं तो तेच बंद पाडत होता, आणि मी दोन्ही ठिकाणी अडकले.

दोन्ही कामांचा तुलनात्मक अहवाल करायचं माझ्याकडे आलं. आमचे साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता. माणूस सज्जन, पण वाऱ्याची दिशा बघून छत्री उघडणारा. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, अहवाल झकास करा. फक्त शेवटचं पान मोकळं ठेवा."

शेवटच्या पानावर शिफारस असते. हे काम करा किंवा ते करा, असं तिथे लिहायचं.

"मोकळं का, साहेब?"

"वरून कळलं की भरू."

मी मोकळं ठेवलं. मनात म्हटलं, मग अहवाल तरी कशाला, नुसतं मोकळं पानच पाठवू या.

अहवालासाठी आम्ही वाहनगणना करतो. रस्त्याच्या कडेला माणसं बसवायची आणि काय काय गेलं ते मोजायचं. मग प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात बसवायचं. मोटारसायकल म्हणजे अर्धीमुर्धी मोटार. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर एकटाच कित्येक मोटारींची जागा खातो. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक गोम आहे. जे गेले ते मोजले जातात. ज्यांना जायचं होतं पण जाता आलं नाही, ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. माझ्या गणनेप्रमाणे रस्त्यावर प्रचंड गर्दी आणि रेल्वेला मागणी जवळजवळ नाही. मागणी कुठून येणार? दिवसाला एक पॅसेंजर, तीही दुपार व्हायला आल्यावर.

मग पाहणी दौरा ठरला. आण्णांच्या ताफ्यापुढे पोलिसांची गाडी असते. कित्येक वर्षांत त्यांना आमच्या भागातला रस्ता मोकळा सोडून दुसरा दिसलेलाच नाही. मी साहेबांना म्हटलं, निदान जाताना पॅसेंजरने जाऊ या.

"आण्णांना पॅसेंजरने नेता?"

"रेल्वेची पाहणी मोटारीत बसून कशी करायची, साहेब?"

साहेबांना घाम फुटला, पण आण्णा लगेच तयार झाले. "चला की," म्हणाले. "रिकामी गाडी दावतो तुमाला." ठरलं असं की नगरहून काष्टीपर्यंत रेल्वेने जायचं, काष्टीला सभा घ्यायची आणि येताना मोटारीने यायचं. आण्णांची मोटार पुढे काष्टीला पाठवून दिली. दिवाळी नुकतीच झाली होती, उसाच्या गाळपासाठी कारखाने पेटले होते आणि काष्टीच्या बाजाराचा दिवस होता.

बोरटेकला सत्कार ठरलेला नव्हता. पण आण्णा आपल्या गावावरून जाणार आणि नारळसुद्धा नाही, हे कार्यकर्त्यांना कसं चालेल? आमच्याकडे आण्णांसाठी लग्नाचा मुहूर्त थांबतो. नवरा-नवरी हार धरून उभी, लोकांच्या मुठीत अक्षता घामेजलेल्या आणि आण्णांचं आशीर्वादाचं भाषण चाललेलं. एस.टी. थांबते. दहाव्याचं प्रवचन थांबलेलंही मी पाहिलंय. एवढं सगळं थांबतं म्हटल्यावर गाडी थांबेल असं त्यांना वाटलं तर नवल काय? तिथे तिचा थांबा एका मिनिटाचा. फेटा एका मिनिटात बांधून होत नाही. निदान आमच्याकडे तरी होत नाही.

तर गाडी गेली. बापू आणि साहेब गाडीत, आण्णा आणि मी बोरटेकला.

आण्णांनी घोळक्याला झापायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"फेटा तुमाला घातला, आन् गाडी आमची गेली."

कडुनिंबाखाली पाच-सहा बाया उभ्या होत्या. हातात डब्याच्या पिशव्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बोलली ती मंगल. तिशी-पस्तिशीची, काटक अंगाची, डोळ्यांत नुसता संताप. आमच्या सत्काराच्या घोळक्याने डब्याचं दार अडवलं होतं, त्यामुळे ह्या बायांना चढताच आलं नव्हतं. दारात मीही होते, फाईल छातीशी धरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठं कामाला?" आण्णांनी विचारलं.

"दौंडकडं. कंपनीत, पॅकिंगला. दुपारची शिफ्ट. सुपरवायजर म्हनलाय, आता एक डाव जरी उशीर झाला तर येऊच नका."

"नंबर सांग. आत्ता फोन लावतो."

पुढारी माणसाचं हे औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं. आण्णांनी खरंच फोन लावला, सुपरवायझरशी गोड बोलले, आजच्या दिवसाचं मिटवलं आणि विजयी चेहऱ्याने मंगलकडे पाहिलं.

"झालं तुझं काम."

"आजचं झालं," मंगल म्हणाली. "उद्याचं?"

कार्यकर्त्यांपैकी एकजण तिला गप्प करायला पुढे झाला. आण्णांनी त्याला हातानेच मागे सारलं. बाकावर बसले आणि म्हणाले, "बोल."

मग ती बोलली. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि नवरा ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पोरगी पल्लवी त्यांच्याबरोबर फडावर. शाळा अर्धी गावात आणि अर्धी कुठेच नाही. यंदा मंगलला कंपनीत काम लागलं म्हणून पल्लवी पहिल्यांदाच सबंध वर्ष गावात राहणार होती आणि यंदाच तिची दहावी होती. पण सकाळच्या शिफ्टला गाडी नाही. दुपारच्या शिफ्टला ही पॅसेंजर, ती चुकली तर जीप, आणि जीप निघाली की ट्रॅक्टरांत अडकणार. उशीर झाला की काम जाणार.

"परवा मुकादम टेम्पो घिऊन येनार हाय," ती म्हणाली. "नवरा म्हनतोय, तुझ्या कामाचा काय भरवसा, चल. तुमी एवढे मोठे हाय. जाऊ का ऱ्हाऊ, तेवढं सांगा."

आण्णांना मी भर सभेत, ऐन गोंधळात, वाटेल त्या प्रश्नाला उत्तर देताना पाहिलंय. नाही म्हणायचं असलं तरी माणूस खूश होऊन घरी जाईल असं बोलतात. ह्या वेळी मात्र त्यांनी नुसता खिशातला फोन काढला. फेटेवाला तेवढ्यात मागून त्यांचा शेमला सारखा करत होता.

मोटार त्यांनी गाडी चुकल्याबरोबर काष्टीहून परत बोलावली होती. ड्रायव्हरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "कुठं आलास रे?"

"हितंच हाय आण्णा. काष्टी सोडली आन् कारखान्याच्या वळनावर अडाकलोय. ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. बाजाराची जनावरांची टेम्पो बी त्यातच."

"त्यांना सांग, आण्णांची गाडी हाय."

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हनत्यात, आण्णांनीच हितं लावायला सांगितल्यात."

खरं होतं ते. कारखान्याचं यार्ड भरलं की उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावायचे, हे संचालकांनीच ठरवलेलं. वळणापासून पार पुढच्या ओढ्यापर्यंत रांग लागायची. घोळक्यातलं कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. आण्णांनी फोन खिशात टाकला आणि मोटारसायकलवरून सोडू का, असं विचारणाऱ्याला "माझ्या मणक्याचं ऑपरेशन इसरलास का?" म्हणून दटावलं. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, खरं सांगा. हाच रस्ता चौपदरी केला तर?"

साहेब तिथे असते तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं असतं. पण साहेब गाडीत होते.

"तर ट्रॅक्टर दोन रांगांत उभे राहतील, आण्णा."

"तुमी तर रस्तेवाल्या ना?"

"म्हणून तर माहीत आहे."

आण्णा मोठ्यांदा हसले. अगदी पोट हलवून. मग फेटा उतरवून मांडीवर ठेवला, कपाळ पुसलं आणि मंगलकडचं पाणी मागून प्यायले. मला त्या क्षणी हा माणूस आवडला, ते सांगायला हरकत नाही.

मोटार आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आण्णांनी बायांना गाडीत बसवलं. "कंपनीच्या दारापर्यंत पोचवून येईल माझा ड्रायव्हर," म्हणाले. पुढे आण्णा, मागे आम्ही सगळ्या एकमेकींच्या मांडीवर. वळणावर पुन्हा अडकलो. पोलिसांची गाडी पुढे नव्हती, त्यामुळे आण्णांनी तो रस्ता बहुधा पहिल्यांदाच सावकाश पाहिला. एका ट्रॉलीखाली अंथरूण टाकून ट्रॅक्टरचा ड्रायव्हर झोपला होता. पलीकडे जीपमधली कॉलेजची पोरं उतरून पायी निघाली होती. आण्णांनी काच खाली केली. मंगलच्या शेजारणीचा डबा माझ्या बरगडीत रुतत होता.

काष्टीला पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या गोळा व्हायला लागल्या होत्या. बापूंचं भाषण झालं होतं. आण्णांसाठी आणलेला दुसरा फेटाही त्यांच्याच डोक्यावर होता. आमचे साहेब मंचावर पांढरेफटक पडून बसलेले. आण्णांना पाहून लोक पुन्हा खाली बसले. आण्णांनी माईक घेतला.

"मला उशीर झाला," ते म्हणाले. "मी रस्त्यानं आलो."

मांडवात हशा पिकला. बापूही हसले.

"बापू येळेवर आले. ते गाडीनं आले. आता मी काय येगळं सांगू?" आण्णा हशा ओसरेपर्यंत थांबले. "रस्ता मी सोडलेला न्हाई. रस्ता पायजेच. पन आधी सकाळची गाडी. आन् उद्यापासून वळनावर एक बी ट्रॅक्टर हुभा दिसला न्हाई पायजे. यार्ड कमी पडत आसंल तर मी जागा दितो."

बापू उठले. मला वाटलं, आता टोमणा मारणार. ते म्हणाले, "झेंडा आण्णाच दाखवतील. दिल्लीचा पाव्हना आला तरी दांडी आण्णांच्या हातात. हा माझा शब्द."

घोडं अडलं होतं ते ह्या एका झेंड्यावर. बाकी मुद्द्यांवर ते दोघे मनातून कधीच एक झाले असावेत, असा माझा संशय आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "मॅडम, शेवटचं पान भरा."

"काय लिहू?"

"जे आहे ते लिहा."

सबंध नोकरीत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. मी लिहिलं. पहिली पसंती शटलला आणि स्टेशनांच्या कामाला. रस्ता सगळा चौपदरी न करता फक्त अडणाऱ्या जागी रुंद करावा, आणि कारखान्याने ट्रॅक्टर यार्डात घ्यावेत. रस्तेवालीने रेल्वेची शिफारस केली म्हणून खात्यातल्या काहींनी मला पुढे बरेच दिवस "काय स्टेशन मास्तर" म्हणून चिडवलं. चिडवू देत.

सरकारी कामं सरकारी चालीनेच होतात. निधी आला, मग अडला, बापूंनी सभागृहात आरडाओरडा केला, आण्णांनी मंत्रालयात जाऊन सोडवला, पुन्हा आला. स्टेशनच्या वाटेच्या मोजणीला बोरटेकला गेले तेव्हा ऊसतोडीचा तो हंगाम निम्मा सरला होता. मंगल कुठे आहे हे विचारायची मला भीती वाटत होती. ती स्वतःच हातात डबा घेऊन येताना दिसली.

"गेली नाहीस?"

"न्हाई. मुकादमाला न्हाई म्हनले. नवरा गेलाय, अर्धा कोयता म्हनून." जोडीतला एकटाच गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि एकट्याचे हाल फार होतात. तिच्या आवाजात ते होतं.

"कशाच्या भरवशावर राहिलीस?"

"वळनावरची ट्रॅक्टर दुसऱ्या दिशी हालली, मॅडम. म्हनलं, ती हालली तर गाडी बी हालंल."

मी टेपचं टोक धरून उगीचच खाली बघत राहिले.

गाडी हलली. पुढच्या हंगामाच्या आधी शटल सुरू झाली. बोरटेकचा प्लॅटफॉर्म उंच झालाय, आता म्हातारं माणूससुद्धा सरळ पाऊल टाकून चढतं. पहिल्या सकाळी बोरटेकला कार्यक्रम ठेवला. मंगल खिडकीशी बसली होती. शेजारी पल्लवी. दहावी पास झाली होती आणि दौंडच्या कॉलेजात अकरावीला चालली होती. नवरा त्यांना सोडायला आला होता, त्या वर्षी तो तोडीला गेला नाही. पाव्हणे आले होते, पण झेंडा आण्णांच्याच हातात होता. बापूंनी शब्द पाळला.

तेवढ्यात तोच फेटेवाला तेच गुलाबी कापड झटकत पुढे आला. आण्णांनी त्याला अडवलं.

"आधी गाडी जाऊ दे," ते म्हणाले. "फेटा मागनं बांध."

त्यांनी झेंडा दाखवला आणि गाडी वेळेवर गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर आण्णांनी डोकं पुढे केलं, आणि फेटा निवांत बांधून झाला.

नव्याने नोकरीला लागलेल्या अभियंत्यांसमोर बोलायला मला अधूनमधून बोलावतात. वाहनगणना, मोटारीची मापं, अहवालाची पानं, सगळं सांगते. शेवटी एक गोष्ट मात्र न चुकता सांगते. मोठ्या माणसाला पाहणीला न्यायचं असेल, तर त्याची मोटार आधी पुढच्या गावाला पाठवून द्या.